एका बरणीतले चाळीस दात

दुसऱ्याकडे त्याचा दात मागायचा कसा, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. डेंटल कॉलेजात चार वर्षांत पुष्कळ गोष्टी शिकवल्या. तार वाकवायला शिकवलं, माप घ्यायला शिकवलं, पेशंटशी बोलताना मास्क कधी खाली घ्यायचा हेसुद्धा शिकवलं. पण "तुमचा दात मला द्याल का?" हे वाक्य मी आरशासमोर स्वतःच पाठ केलं. होस्टेलवरचा माझा रूममेट ते ऐकून म्हणाला, "अरे, मुलगी मागायला चाललास का?"

मी पारनेर तालुक्यातल्या एका छोट्या गावचा. वडील गावातल्या दूध संकलन केंद्रावर काम करतात. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. वडिलांना अजूनही लोकांना नीट सांगता येत नाही की मी काय शिकतोय. ते म्हणतात, "दाताचा डॉक्टर हुतोय." त्यातही शेवटच्या वर्षी मला ज्या विभागाचा लळा लागला, तो दात सरळ करण्याचा विभाग. सगळे त्याला ऑर्थो म्हणतात. पेशंट म्हणतात, "ते क्लिपा लावतात तिथं."

आमच्या ऑर्थो विभागाच्या दारातच भिंतीवर एक फलक आहे. विभागातून शिकून गेलेले जुने विद्यार्थी दरवर्षी काही ना काही देणगी पाठवतात, त्यांची नावं त्यावर आहेत. त्या देणगीचे दोन उपयोग होतात. ज्यांना परवडत नाही अशा मुलांना तारा आणि ब्रॅकेट मोफत बसवतात, म्हणजे त्यांचे दात सरळ होतात आणि शिकणाऱ्यांना हात बसवायला पेशंट मिळतात. आणि कोणा विद्यार्थ्याला छोटं संशोधन करायचं असेल, तर त्याचं सामान त्यातून येतं. ब्रॅकेट म्हणजे दातावर चिकटवतात ते बारीक चौकोनी तुकडे, ज्यांतून तार जाते.

माझा प्रश्न अगदी साधा होता. आमच्याकडे येणाऱ्या खेड्यापाड्यातल्या मुलांचे ब्रॅकेट फार निघायचे. दर महिन्याला एखादं पोरगं खिशातून कागदाची पुडी काढायचं, त्यात दोन ब्रॅकेट.

"काय खाल्लंस?"

"काय न्हाई."

"ऊस?"

"थोडासाच."

देणगीतून आलेले ब्रॅकेट असे पुड्यांतून परत येताना पाहून मला वाईट वाटायचं. मी विभागातल्या माझ्या मार्गदर्शक मॅडमना भीत भीत विचारलं, "मॅडम, उसाच्या रसानं ती चिकटवायची लापशी सैल होते का, की ब्रॅकेट नुसत्या चावण्यानं निघतो?" मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, चुकीचं विचारलं. तर म्हणाल्या, "लापशी नाही म्हणायचं, ॲडेझिव्ह म्हणायचं. पण प्रश्न चांगला आहे. करून बघ."

करून बघायचं तर खरे दात हवेत. कीड नसलेले, तडा नसलेले, पूर्ण. असे चांगले दात कोणी काढून घेत नाही. फक्त ऑर्थोतच ते मिळतात. ज्यांच्या जबड्यात जागा कमी आणि दातांची गर्दी, त्यांच्या सुळ्याच्या मागच्या चार चांगल्या दाढा काढून जागा करावी लागते. मला असे चाळीस दात हवे होते. म्हणजे दहा माणसं.

मॅडमनी एक अट घातली. मागताना हे वाक्य आधी म्हणायचं: "तुम्ही नाही म्हणालात तरी तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही." आणि एकदा दात आले की त्यावर नाव ठेवायचं नाही. दाताची तपासणी करून वहीत फक्त क्रमांक आणि स्थिती लिहायची. कोणाचा दात कोणता, हे मलासुद्धा कळता कामा नये. "संशोधनात तसंच असतं," त्या म्हणाल्या. मला ते फार आवडलं. एवढी मोठी गोष्ट आपल्याला कोणीतरी विश्वासानं सांगते आहे, असं वाटलं.

आता मी केलं काय, ते सांगतो. लहानपणापासून मी सकाळी वडिलांबरोबर केंद्रावर जायचो. कोणी किटली आणली की वडील आधी दूध ढवळायचे, पळीनं नमुना काढायचे, दुधातलं फॅट मोजायचे, पावती द्यायचे आणि मग ते दूध मोठ्या टाकीत ओतायचे. एकदा टाकीत गेलं की ते सगळ्यांचं. कोणी पाहुणे आले म्हणून लिटरभर परत मागितलं, तर वडील टाकीतून काढून द्यायचे. माझ्याच म्हशीचं द्या, असं कधी कोणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. माझ्या हाताला तीच सवय होती. दात आला की धुवायचा, जंतू मारायचे, भिंगाखाली बघायचा, वहीत लिहायचं आणि काचेच्या मोठ्या बरणीत स्वच्छ पाण्यात टाकायचा. एकच बरणी. झाकणावर चिकटपट्टी लावून मी लिहिलं होतं, "ऑर्थो प्रकल्प, हात लावू नये."

लोकांनी दात दिले. मला अजूनही त्याचं आश्चर्य वाटतं. दाढ काढून गालात कापूस धरलेला माणूस खुर्चीवरून उठतो, समोर एक किरकोळ मुलगा ते वाक्य अडखळत म्हणतो, आणि तो माणूस कापसासकट "घ्या, घ्या" म्हणतो. एका मुलीनं विचारलं, "यातून आमच्या गावातल्या पोरांना फायदा होईल?" मी म्हणालो, "माहीत नाही." मॅडम मागून म्हणाल्या, "बरोबर उत्तर."

नऊ जणांचे झाले. दहावी पेशंट होती केडगावची एक मुलगी. अकरावीत शिकणारी, हसताना ओढणी तोंडावर धरणारी. तिच्या तारा देणगीतूनच बसणार होत्या. तिची अम्मी घरी शिवणकाम करायची, वडील टेम्पो चालवायचे. मी माझं वाक्य म्हटलं, "तुम्ही नाही म्हणालात तरी उपचारात काही फरक पडणार नाही."

अम्मी हसल्या. "म्हणजे हो म्हणायचंच ना, बेटा?"

"नाही चाची, खरंच, नाही म्हटलं तरी चालतं."

"चालतं तर चालतं. पण माझ्या पोरीला कोणी तारा दिल्या, ते मला ओळखतात का? नाही ना? मग माझ्या पोरीचे दात तुम्ही घ्या." मग त्यांचा आवाज खाली आला. "फक्त एक आहे. आमच्याकडे नखं, केस, दात असे टाकत नाहीत. मातीत देतात. तुमचं काम झालं की तिचे चार मला परत द्यायचे. देणार ना?"

"अम्मी, बस ना," मुलगी कापसातून पुटपुटली.

"देणार," मी म्हणालो. मला नाही म्हणता येत नाही, हा माझा जुना दोष आहे. शिवाय दहावा माणूस मिळाला होता. आणि खरं सांगायचं तर मला त्यात अवघड काही वाटलंच नाही. चार घेतले, चार परत द्यायचे. ते चार दात मी त्याच दिवशी धुऊन, तपासून, वहीत लिहून बरणीत टाकले.

पुढचे दोन महिने मी त्या बरणीबरोबर काढले. प्रत्येक दाताची मुळं गुलाबी ॲक्रिलिकच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, ठोकळ्यात बसवली, वर ब्रॅकेट चिकटवला. अर्धे दात साध्या पाण्यात ठेवले, अर्धे रोज ताज्या उसाच्या रसात. कॉलेजसमोरचा रसवाला मला पार्सल देताना विचारायचा, "डॉक्टर, बर्फ?" मी म्हणायचो, "बर्फ नको, लिंबू नको, आलं नको." तो म्हणायचा, "मग चव काय लागणार?" शेवटी एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मशीनवर एकेक ब्रॅकेट ओढून काढला आणि किती जोर लागला ते लिहिलं. फरक फारसा पडला नाही. रसाचा दोष नव्हता, पोरांच्या चावण्याचाच असावा. मी थोडा हिरमुसलो. मॅडम म्हणाल्या, "फरक नाही, हेसुद्धा कळणंच आहे. लिहून काढ."

काम झालं तेव्हा मला केडगावच्या अम्मी आठवल्या. मी मॅडमना म्हणालो, "एका पेशंटला तिचे दात परत हवेत."

"पेशंटनं स्वतःचे मागितले तर द्यावेत. निर्जंतुक करून दे. बाकीचे पिवळ्या पिशवीत, कचऱ्याच्या गाडीला."

त्या एवढंच बोलल्या आणि मी एवढंच ऐकलं. सगळे एकत्र आहेत, हे मी सांगितलं नाही. ते लपवावं असं मनात नव्हतं. ते सांगण्यासारखं आहे, हेच मला तोवर कळलं नव्हतं. चाळीस ठोकळ्यांतले चार मी निवडले. चांगले, पांढरे, मुळं सरळ असलेले. ॲक्रिलिक फोडून ते मोकळे केले, निर्जंतुक केले, एका छोट्या डबीत कापूस घालून ठेवले, आणि रविवारी बसनं केडगावला गेलो.

दोन खोल्यांचं घर. खिडकीपाशी शिवणयंत्र. अम्मींनी यंत्र थांबवलं, हात धुतले, डोक्यावरचा पदर नीट केला. मग दोन्ही तळहात जोडून पुढे केले. मी डबी उघडून ते चार दात त्यांच्या तळहातावर ठेवले. त्यांनी ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं. मग एक दात बोटांत धरून उजेडाकडे केला आणि लाडानं, अगदी सहज विचारलं, "वरचा आहे ना हा? हिचा वरचाच आधी आला होता. सहा महिने पुढचं काही आलंच नव्हतं, मी किती घाबरले होते."

त्या कदाचित दुधाच्या दाताबद्दल बोलत होत्या. मी दुरुस्त केलं नाही. माझं लक्ष त्यांच्या तळहाताकडे होतं. त्या हातात कोणाचे तरी दात होते. पाथर्डीहून आलेल्या एका मुलाचे असतील, त्या फायदा विचारणाऱ्या मुलीचे असतील. आणि ही बाई त्यांना आपल्या मुलीचे समजून सांभाळून धरत होती. टाकीतून काढून दिलेल्या लिटरभर दुधासारखं हे नाही, हे मला तिथे, त्या शिवणयंत्राशेजारी उभं राहून कळलं.

"चाची," मी म्हणालो, "हे तिचेच आहेत का, मला माहीत नाही."

मी सगळं सांगितलं. बरणी, वही, नाव न ठेवणं. दुधाची टाकीसुद्धा सांगितली, का कोण जाणे. मुलगी आतून ऐकत होती. ती खुदकन हसली. "म्हणजे माझे दात दुसऱ्याच्या नावानं नापास झाले असतील!"

अम्मी हसल्या नाहीत. नुसत्या त्या चार दातांकडे पाहत राहिल्या. मला वाटलं, आता रागावतील. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"मग हे कोणाचे?"

"कोणाचे तरी. ज्यांनी दिले त्यांचे."

"त्यांनी परत मागितले नाहीत?"

"नाही. बाकीचे सगळे कचऱ्याच्या गाडीला जाणार आहेत."

"आणि त्यात माझ्या पोरीचे असणार."

मी मान हलवली.

त्यांनी ते चार दात एक एक करून परत डबीत ठेवले, कापूस वरून नीट दाबला. "बेटा, मग एकच होऊ शकतं. सगळेच मातीत दे. त्यात हिचे आपोआप येतील." मग म्हणाल्या, "बाकीच्यांना काही हरकत नसेल तर. आपण त्यांचं कसं ठरवणार?"

"इथेच पुरायचे का?"

"इथं माती कुठंय? सगळा कोबा. पोरगी लहान होती तेव्हा हिचे दात मी माहेरी नेऊन मातीत द्यायची. आता तिथंही कोबा झाला. तुझ्या गावाकडं जमीन आहे ना?"

दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं. या वेळी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, तेव्हाच मी समजलो.

"वचन कोणाला विचारून दिलंस?"

"कोणाला नाही."

"आणि दुसऱ्याचे दात तिला देऊन आला असतास."

"दिले होते, मॅडम. मग परत आणले."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "बाकी नऊ जणांनी दात शिकण्यासाठी दिलेत. पुरायला नाही दिले. तू त्यांना विचार. एकानं जरी नाही म्हटलं तरी हे होणार नाही, कारण त्याचा कोणता हे आपल्याला माहीत नाही. आणि तसं झालं तर ते सांगायला केडगावला तूच जायचं."

मी नऊ फोन केले. पहिल्याला मला पंधरा मिनिटं धीर होईना. पण लोक किती वेगवेगळे बोलतात! ती फायदा विचारणारी मुलगी म्हणाली, "पुरणार? म्हणजे माझ्या दातांची अंत्ययात्रा? मग लोकेशन पाठवा ना, फुलं वाहते." पाथर्डीचा मुलगा नगरात वसतिगृहात राहायचा. तो म्हणाला, वडिलांना विचारा. वडील ऊसतोडीला लांब कुठल्या कारखान्यावर होते. मागे ट्रॅक्टर चालू होता.

"कंचा दात?"

"मुलाचा. दिवाळीआधी काढलेला."

"त्यो आजून ठिवलाय व्हय तुमी?"

"हो. आता तो शेतात पुरला तर चालेल का?"

"पुरा की! आमी हितं काय जपून ठिवनार हाय?" मग विचारलं, "रान कसंय? पान्याचं हाय का?"

मी म्हणालो, विहीर आहे. त्यांना ते बरं वाटलं.

एका शाळेत शिकवणाऱ्या सरांनी, त्यांच्या मुलाचे दात होते, आधी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही विचारताय हे चांगलं करताय. आमच्याकडे तर माणूसही मातीतच जातो." सहावा फोन मात्र अडला. एक दुकानदार काका, त्यांचे स्वतःचेच दात, मोठ्या वयात तारा बसवल्या म्हणून बायको त्यांना चिडवायची. ते म्हणाले, "आमच्यात असं पुरत नाहीत हो. मला काही ते बरं वाटत नाही."

केडगावचा कोबा डोळ्यांसमोर आला. मी म्हणालो, "बरं काका. हरकत नाही." पण फोन ठेवायला हात होईना.

मागून काकूंचा आवाज आला. "कोण आहे? दातवाले? अहो, देताना म्हणालात का, असं करा तसं करा? दिले ना? आता त्या बाईला हवंय मातीत, तर द्या की. तुमचे दात होते तेव्हा तरी कुठं नीट होते!"

काका म्हणाले, "ऐकलंत ना? हीच बोलते, मी नाही." मग हसत हसत, "करा, करा."

बाकीच्या पाच जणांनी सरळ हो म्हटलं. एकानं तर विचारलं, "कोणते दात?"

छत्तीस ठोकळे उरले होते. पुढचा शनिवार मी लॅबमध्ये बसून एकेक फोडला. अम्मींना प्लास्टिक मातीत नको असणार, हे मला न विचारताही कळत होतं. ॲक्रिलिक चिवट असतं. जोरात मारलं तर दात फुटतो, हळू मारलं तर काही होत नाही. रूममेट येऊन बघत उभा राहिला. "चाळीस दातांचा एकच मालक असता तर त्याला मी जेवायला बोलावलं असतं," तो म्हणाला आणि मग शेजारी बसून त्यानंही दहा-बारा सोडवले. मॅडमनी सगळे पुन्हा निर्जंतुक केले, मोजून एका सुती पिशवीत भरले, आणि वहीत लिहिलं: दात्यांच्या संमतीनं परत. त्याखाली सही केली.

रविवारी गावी गेलो. वडील केंद्रावरून येऊन चहा पीत होते. मी पिशवी पुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. बरणीचं ऐकताना त्यांच्या तोंडावर हसू आलं.

"दुधागत एकत्र वतलेस व्हय रं?"

"हो."

"येडा हाय का? दूध रोज येतं. दात एकदाच येतो." मग आईकडे बघून म्हणाले, "ह्याला शिकाया धाडला आन् ह्यो आपलाच धंदा करून आला." आई पदरात हसली.

पण ते लगेच उठले. कुदळ घेतली. आमच्या विहिरीजवळ बांधावर एक चिंच आहे. तिच्याखाली त्यांनी हातभर खोल खड्डा घेतला, कुत्री उकरू नयेत म्हणून. मी पिशवी उघडली. दात मातीवर पडताना बारीक आवाज झाला, हरभरे पडल्यासारखा. वडिलांनी वाकून पाहिलं.

"कुनाकुनाचे हायेत ह्ये?"

"दहा जणांचे. नावं काढून टाकलीत."

"मंग कुनाचं नाव घ्यू?" त्यांनी टोपी काढली होती. तेच म्हणाले, "जावू दे. ज्यांनी दिलं त्यांचं भलं हू दे," आणि माती लोटली.

मी मोबाईलवर त्या जागेचा फोटो काढून केडगावला पाठवला. मी विहिरीवर हातपाय धूत होतो तेव्हा अम्मींचा आवाज आला, रेकॉर्ड केलेला. मागे शिवणयंत्र चालू होतं, मग ते थांबलं. "पाहिलं बेटा. जागा चांगली आहे. सावली आहे." आणि मग पाठीमागून मुलगी ओरडली, "त्यांना सांग, माझा एक ब्रॅकेट निघालाय!"

"काय खाल्लं म्हणून विचारतील," अम्मी तिला म्हणाल्या.

"काय नाही," ती म्हणाली. "थोडासाच."